वेग हेच चिलखत : 'क्वीन मेरी'ची युद्धसेवा

२५ जुलै १९४३ रोजी न्यूयॉर्क बंदरातून 'क्वीन मेरी' हे ब्रिटिश जहाज स्कॉटलंडमधील गुरॉक बंदराकडे निघाले. त्यावर १५,७४० सैनिक आणि ९४३ खलाशी व इतर कर्मचारी होते, म्हणजे एकूण १६,६८३ माणसे. एकाच जहाजातून एका वेळी महासागर ओलांडणाऱ्या माणसांचा हा आजवरचा उच्चांक मानला जातो. शांततेच्या काळासाठी बांधताना या जहाजात सुमारे २,१०० उतारू आणि १,१०० कर्मचारी यांची सोय केलेली होती. म्हणजे पाचपट माणसे भरलेली, अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांचा सुळसुळाट, आणि प्रवासाच्या बहुतेक भागात सोबतीला एकही लढाऊ जहाज नाही!

ही हकिकत वर्गात सांगितली की मुले हमखास दोन प्रश्न विचारतात. एवढ्या माणसांच्या वजनाने जहाज बुडाले कसे नाही? आणि पाणबुड्यांनी ते बुडवले कसे नाही? दोन्ही प्रश्नांची उत्तरे शालेय गणित आणि भौतिकशास्त्र यांच्या आवाक्यातली आहेत. मात्र त्या उत्तरांची किंमतही कोणीतरी मोजलेली आहे, आणि तो हिशेब समजल्याशिवाय ही उत्तरे पुरी होत नाहीत.

प्रथम जहाजाची ओळख करून घेऊ. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील जॉन ब्राऊन कंपनीच्या गोदीत १९३० च्या डिसेंबरमध्ये बांधणी सुरू झाली. जागतिक मंदीमुळे १९३१ च्या अखेरीस काम थांबले. अर्धवट सांगाडा दोन वर्षांहून अधिक काळ तसाच गंजत उभा होता. १९३४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, त्याच वर्षी २६ सप्टेंबरला जहाज पाण्यात उतरले आणि मे १९३६ मध्ये पहिल्या सफरीला निघाले. लांबी सुमारे ३१० मीटर, रुंदी ३६ मीटर, वजन सुमारे ८०,००० टन. चार प्रॉपेलर आणि ते फिरवणारी १,६०,००० अश्वशक्तीची वाफेची टर्बाइने. नेहमीचा वेग साडेअठ्ठावीस नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ५३ किलोमीटर. १९३८ मध्ये या जहाजाने अटलांटिक सर्वांत जलद ओलांडण्याचा विक्रम केला आणि तो १९५२ पर्यंत टिकला.

३० ऑगस्ट १९३९ रोजी ते साउदॅम्प्टनहून उतारू घेऊन निघाले. वाटेत असतानाच युद्ध जाहीर झाले. न्यूयॉर्कला पोचल्यावर ते तेथेच थांबवून ठेवण्यात आले, काळा-पांढरा-लाल रंग जाऊन सर्वांगाला करडा रंग लागला, आणि मार्च १९४० मध्ये केप टाउनमार्गे ते सिडनीला गेले. गालिचे, पियानो, उंची फर्निचर उतरवून त्या जागी झोपण्याच्या फळ्या बसल्या. पुढची दोन वर्षे त्याचे मुख्य काम ऑस्ट्रेलियातून पश्चिमेकडे सैन्य नेण्याचे होते. नोव्हेंबर १९४० मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिक घेऊन ते मुंबईलाही आले होते. तेथून लहान जहाजांनी सैनिक सुवेझकडे गेले. पुढे क्वीन मेरी स्वतः तांबड्या समुद्रात जाऊ लागली, आणि तिथला अनुभव वाईट होता. उत्तर अटलांटिकच्या थंडीसाठी बांधलेल्या जहाजात वातानुकूलन फारच थोडे. एक माणूस विश्रांती घेत असतानाही साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ५,००० सैनिक म्हणजे बंद डब्यात सतत चालू असलेली ५०० किलोवॅटची शेगडी! त्यात समुद्रावरची दमट हवा, म्हणजे घाम येतो पण वाळत नाही, आणि शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद होतो.

अमेरिका युद्धात उतरल्यावर चित्र बदलले. लाखो सैनिक अटलांटिकपलीकडे न्यायचे होते. १९४२ पासून क्वीन मेरी आणि तिचे भावंड 'क्वीन एलिझाबेथ' यांचे तेच मुख्य काम झाले.

वजन किती आणि कोठे?

१६,००० माणसे सामानासकट प्रत्येकी १०० किलोग्रॅम धरली तर १,६०० टन होतात. जहाज यामुळे किती खाली जाईल? पाण्याच्या पातळीवर जहाजाचा आडवा छेद आयत असता तर त्याचे क्षेत्रफळ ३१० × ३६, म्हणजे सुमारे ११,००० चौरस मीटर झाले असते. जहाज दोन्ही टोकांना निमुळते असल्याने त्याचे ७० टक्के, म्हणजे ७,८०० चौरस मीटर धरू. जहाज एक सेंटिमीटर खाली गेले की ७८ घनमीटर पाणी बाजूला सारते. समुद्राच्या पाण्याची घनता लक्षात घेता हे पाणी झाले ८० टन. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार १,६०० टनांसाठी जहाजाला फक्त २० सेंटिमीटर खाली जावे लागेल. एक वीत! विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगावा आणि मग हे गणित करून घ्यावे. त्यांचे अंदाज बहुधा मीटरांत असतात.

तेव्हा वजनाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता वजन कोठे आहे याचा. तरंगणाऱ्या जहाजावर दोन बले काम करतात. वजन गुरुत्वमध्यातून खाली, आणि पाण्याचे बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर. जहाज कलले की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याच्या बलाची रेषा कललेल्या बाजूला सरकते. ही सरकलेली रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जेथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर दोन्ही बलांचे युग्म जहाजाला पुन्हा सरळ करते, वर गेला तर उलटवते. या दोन बिंदूंमधील अंतर म्हणजे जहाजाच्या स्थैर्याचे भांडवल. उतारूंच्या जहाजात हे अंतर मुद्दाम कमी ठेवतात, कारण ते जास्त असेल तर जहाज झटके देत पटापट डोलते आणि लोकांना पोटातून ढवळते. अंतर कमी असले की डोलणे संथ होते. भांडवल कमी, पण सुख जास्त.

आता सैनिक वरच्या मजल्यांवर ठासून भरले. त्यांचा मध्य जहाजाच्या गुरुत्वमध्याच्या १२ मीटर वर धरला तर जहाजाचा गुरुत्वमध्य १,६०० × १२ ÷ ८१,६००, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर वर सरकतो. जे भांडवल मुळातच थोड्याशा मीटरांत मोजायचे, त्यातून पाव मीटर गेला. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे हे वजन चालते-फिरते होते. समजा किनारा दिसला म्हणून ५,००० सैनिक सामानासह एका बाजूकडून दुसरीकडे १५ मीटर धावले. मेटासेंटरची उंची उदाहरणादाखल एक मीटर धरली तर जहाज पाच अंशांहून थोडे जास्त कलते, आणि ३६ मीटर रुंदीच्या जहाजाची एक कड त्यामुळे दीड मीटरहून अधिक खाली जाते. उथळ बंदरात एवढे पुरे होते! म्हणूनच जहाजाचे तांबडा, पांढरा आणि निळा असे तीन विभाग केलेले असत. प्रत्येक सैनिकाच्या अंगावर त्याच्या विभागाच्या रंगाचा बिल्ला असे आणि विभाग सोडून जायला मनाई होती. जेवण दिवसातून दोनदा, पाळ्या लावून. उन्हाळ्यात एका फळीवर आळीपाळीने दोघे झोपत. शिस्त गर्दीसाठी होतीच, पण स्थैर्यासाठीही होती.

यात एक गंमत अशी की सैनिकांपेक्षा इंधनाचा परिणाम मोठा. जहाज दिवसाला हजार टनांच्या आसपास तेल जाळी. पाच दिवसांत तळच्या टाक्यांतले ५,००० टन वजन नाहीसे होई, म्हणजे सगळ्या सैनिकांच्या वजनाच्या तिप्पट. तळचे वजन गेले की गुरुत्वमध्य वर चढतो. त्याची भरपाई टाक्यांत समुद्राचे पाणी भरून करता येते.

डिसेंबर १९४२ मध्ये, स्कॉटलंडपासून सुमारे ७०० मैलांवर वादळात सापडलेल्या या जहाजाच्या कुशीवर एक प्रचंड लाट आदळली आणि ते भयंकर कलले. लाट २८ मीटर उंच होती, जहाज ५२ अंश कलले, आणखी तीन अंश कलले असते तर उलटले असते, असे नेहमी सांगितले जाते. जहाज अतिशय कलले याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण 'आणखी तीन अंश' हा आकडा मला पटत नाही. उलटण्याचा कोन हा काही जहाजावर कोरलेला नसतो. कोणत्या खिडक्या-दारे उघडी होती, किती माणसे घसरून खालच्या बाजूला गेली, टाक्यांत किती तेल होते, यावर तो दर वेळी बदलतो. असे नेमके आकडे गोष्टीला शोभतात. विद्यार्थ्यांना ते सांगावेत, आणि हा आकडा मोजला कसा असेल हेही विचारावे.

पाणबुडी आणि भूमिती

आता दुसरा प्रश्न. जर्मनीच्या नेहमीच्या पाणबुडीचा पाण्यावरचा वेग १७ नॉटच्या आसपास, आणि पाण्याखाली जेमतेम ७ नॉट. क्वीन मेरीचा २८.५. हा फरक केवळ इंजिनांच्या ताकदीचा नव्हे, लांबीचाही आहे. चालणारे जहाज स्वतःबरोबर लाटा निर्माण करते. या लाटेची मीटरमधील लांबी काढण्यासाठी मीटर प्रति सेकंदातील वेगाचा वर्ग करून त्याला ०.६४ ने गुणायचे. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीएवढी झाली की जहाज आपल्याच लाटेच्या उतारावर नाळ वर करून चढत राहते आणि वेग वाढवणे फार महाग पडू लागते. ६७ मीटर लांबीच्या पाणबुडीसाठी ही मर्यादा सुमारे २० नॉटला येते, १०० मीटरच्या विनाशिकेसाठी २४ नॉटला. ३१० मीटरच्या क्वीन मेरीला ती येते जवळजवळ ४३ नॉटला. साडेअठ्ठावीस नॉटला तिची लाट फक्त १३८ मीटरची. म्हणजे ती त्या वेगाने आरामात दिवसेंदिवस जाऊ शकत असे. विनाशिका शक्तिशाली इंजिनांच्या जोरावर ही मर्यादा ओलांडत, पण त्या वेगाने त्यांचे तेल लवकर संपे आणि खवळलेल्या समुद्रात त्यांना तो पेलत नसे. म्हणून भर समुद्रात संरक्षक जहाजेच मागे पडत, आणि क्वीन मेरी एकटी जाई.

वेगाने नेमके काय साधले ते एका आकृतीने समजते. कागदावर २८.५ सेंटिमीटरची रेषा काढा. ही एका तासातील जहाजाची वाटचाल. रेषेच्या टोकाशी ७ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. पाण्याखालच्या पाणबुडीला त्याच तासाअखेर जहाज गाठायचे असेल तर ती सुरुवातीला या वर्तुळाच्या आतच असायला हवी. आता आरंभबिंदूपासून वर्तुळाला दोन्ही बाजूंनी स्पर्शिका काढा. मधल्या रेषेशी त्यांचा कोन सुमारे १४ अंश येतो, कारण त्याची ज्या ७ ÷ २८.५ आहे. वेळ कितीही घेतला तरी हा कोन तोच राहतो. याचा अर्थ असा की जहाजाच्या समोरच्या १४ अंशांच्या दोन पट्ट्यांत पाणबुडी आधीच नसेल, तर बुडून ती जहाज कधीच गाठू शकत नाही. बाजूची, मागची सगळी पाणबुड्या निकामी! सात नॉटने चालणाऱ्या मालवाहू जहाजाला हे संरक्षण फारच कमी मिळते.

उरला समोरचा धोका. समोर दबा धरून बसलेल्या पाणबुडीने ३० नॉटचा टॉर्पेडो १,५०० मीटरवरून सोडला तर त्याला पोचायला दीड मिनिटाहून अधिक लागते, आणि तेवढ्यात जहाज १,४०० मीटर पुढे जाते. म्हणजे नेम जहाजावर नव्हे, जहाजाच्या साडेचार लांबी पुढे धरावा लागतो. तेवढ्या वेळात जहाजाने दिशाच बदलली तर? म्हणून नागमोडी चाल. क्वीन मेरी जी चाल वापरी तिचे एक आवर्तन ४० मिनिटांचे असे. त्यातली ८ मिनिटे मूळ दिशेने आणि उरलेली ३२ मिनिटे २५ अंश उजवीकडे किंवा डावीकडे. वाट लांबते, म्हणून मूळ दिशेतील वेग घटतो. किती? २५ अंशांची कोज्या ०.९०६. एक पंचमांश वेळ पूर्ण वेगाने आणि चार पंचमांश वेळ ०.९०६ पट वेगाने धरून सरासरी काढली तर उत्तर सुमारे २६.४ नॉट येते. नोंदींत या प्रवासासाठी साडेसव्वीस नॉट हाच आकडा दिलेला आहे. त्रिकोणमिती शिकवताना इतके चांगले उदाहरण क्वचित मिळते.

२ ऑक्टोबर १९४२

आणि याच गणितात एक घात दडलेला होता. ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानांचा धोका असे, म्हणून तेथे संरक्षक जहाजे येऊन मिळत. २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडच्या उत्तरेस 'कुराकोआ' ही क्रूझर विमानविरोधी तोफा घेऊन क्वीन मेरीच्या पुढे चालली होती. क्वीन मेरीवर दहा हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते. कुराकोआ पहिल्या महायुद्धाच्या काळातली, सुमारे ५,००० टनांची, आणि सर्व जोर लावूनही २५-२६ नॉटच जाणारी. क्वीन मेरीची सरासरी नागमोडी धरूनही साडेसव्वीस. म्हणजे मागचे जहाज हळूहळू पुढच्याला गाठणार हे उघड होते, आणि गाठताना ते सरळ नव्हे, डावी-उजवीकडे वळत येणार होते. क्रूझर मात्र सरळ रेषेत चालली होती.

नेहमीच्या नियमाप्रमाणे मागून येऊन ओलांडणारे जहाज बाजूला होते. क्रूझरच्या कप्तानाची तीच अपेक्षा होती. क्वीन मेरीवर समज अशी की नागमोडी चाल मोडायची नाही, संरक्षक जहाज चपळ आहे, तेच सांभाळून घेईल. दुपारी दोननंतर क्वीन मेरीची नाळ कुराकोआच्या पिछाडीकडच्या अंगात घुसली आणि क्रूझर दोन तुकडे होऊन काही मिनिटांत बुडाली. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम लावून पाहा. ८१,००० टनांच्या जहाजाचा वेग ५,००० टनांना सोबत घेतल्यावरही दोन नॉटसुद्धा कमी होत नाही. आतल्या कित्येक सैनिकांना बारीकसा धक्का जाणवला, इतकेच.

क्वीन मेरी थांबली नाही. कोणत्याही कारणाने थांबायचे नाही अशी तिला आज्ञा होती, आणि ती अविचारी नव्हती. थांबलेल्या जहाजाला वेगाचे चिलखत नसते, आणि आकृतीतला १४ अंशांचा कोन पसरून सगळी दिशाच धोक्याची होते. फाटलेल्या नाळेनिशी, निम्म्या वेगाने ती पुढे निघून गेली. तेलाने माखलेल्या थंड पाण्यात पडलेल्या खलाशांना इतर विनाशिकांनी येऊन उचलले ते काही तासांनी. तीनशेहून अधिक माणसे मेली, वाचली ती शंभराच्या आसपास. ही बातमी युद्ध संपेपर्यंत गुप्त राहिली. पुढे खटला चालला. पहिल्या न्यायालयाने १९४७ मध्ये सर्व दोष क्रूझरचा ठरवला. अपिलात दोन तृतीयांश दोष नौदलाचा आणि एक तृतीयांश क्वीन मेरीचा ठरला आणि १९४९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तोच निकाल कायम केला. शत्रूच्या हल्ल्यात क्वीन मेरी कधी सापडली नाही, पण शत्रूपासून वाचवणाऱ्या चालीनेच एवढे बळी घेतले.

मार्शल यांचा प्रश्न

याच्या आधीच, १९४१-४२ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेचे सरसेनापती जनरल जॉर्ज मार्शल यांनी चर्चिल यांना एक प्रश्न विचारला होता. या जहाजांवर १६,००० सैनिक मावतात, पण नौका आणि तराफे ८,००० जणांपुरतेच आहेत. किती सैनिक भरावेत? चर्चिल यांनी निर्णय मार्शल यांच्यावरच सोपवला. प्रत्यक्ष लढाईचा भाग असेल तर जहाज पूर्ण भरू, केवळ सैन्य हलवायचे असेल तर नौकांच्या मर्यादेत राहू, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मार्शल यांनी जहाजे पूर्ण भरली.

हा निर्णय आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. आकडे केवळ उदाहरणासाठी घेऊ. एका फेरीत जहाज बुडण्याची शक्यता ५०० त १ धरू, आणि नौकेत जागा मिळालेल्यांपैकीही चौथा हिस्सा दगावेल असे धरू. पूर्ण भरलेल्या एका फेरीत बुडाल्यास ८,००० अधिक २,००० असे १०,००० मरतील. ५०० ने भागले की सरासरी हानी २० येते. निम्म्या भरलेल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी २,००० मरतील, म्हणून सरासरी हानी ८. दुसरा मार्ग सुरक्षित दिसतो. पण त्यात दुप्पट फेऱ्या, दुप्पट तेल आणि दुप्पट काळ जातो, आणि त्या काळात युरोपात युद्ध चालूच राहते. त्या वाढीव दिवसांत किती माणसे मरतील ते या बेरजेत कोठे लिहायचे? ज्या सैनिकांना बिल्ला लावून फळीवर झोपवले, त्यांना अर्थात हा हिशेब कोणी दाखवला नव्हता. मार्शल यांचा निर्णय चूक होता असे मला वाटत नाही. मात्र तो सोपा होता असेही कोणी समजू नये. वरच्या वर्गात संभाव्यता शिकवताना हा प्रश्न मुलांपुढे ठेवून दोन गटांत चर्चा घडवावी.

युद्धकाळात क्वीन मेरीने सुमारे आठ लाख माणसांची वाहतूक केली. चर्चिल स्वतः तीनदा तिने अटलांटिकपलीकडे गेले. मे १९४३ च्या त्यांच्या सफरीत खालच्या मजल्यांवर हजारो जर्मन युद्धकैदी होते. १९४६ मध्ये अमेरिकन सैनिकांशी लग्न केलेल्या ब्रिटिश स्त्रिया आणि त्यांची मुले नेण्याचे काम तिला मिळाले, आणि जुलै १९४७ मध्ये ती पुन्हा उतारूंच्या सेवेत आली. डोलण्याची खोड मात्र गेली नव्हती. १९५८ मध्ये तिच्या कुशींना पाण्याखाली फिरणारे पंख बसवले गेले. एका बाजूचा पंख पाण्याला वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली रेटतो, आणि त्यांचे युग्म डोलण्याच्या विरुद्ध दिशेने काम करते. तोवर विमानांनी उतारू पळवायला सुरुवात केली होती. डिसेंबर १९६७ मध्ये ती कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदरात कायमची नांगरली गेली. बाष्पित्रे काढून टाकली गेली आणि जहाजाचे हॉटेल आणि संग्रहालय झाले. चारपैकी एक प्रॉपेलर जागेवर ठेवला आहे. त्याच्याभोवती पाण्यात एक पेटीसारखी खोली बांधली असून तिच्यात उतरून वरून दिवा टाकून पाहिले की स्थिर हिरवट पाण्यात तो बत्तीस टनांचा पितळी प्रॉपेलर दिसतो.